चाळीस गुणांचा विषय आणि आपली मुले

(पालक, शिक्षक आणि नववी-दहावीचे विद्यार्थी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय आहे शालेय इतिहास आणि राज्यशास्त्र. रविवारी सकाळी या विषयासाठी एवढी माणसे जमली, याचा मला खरोखर आनंद झाला. गणिताचे किंवा नीटचे मार्गदर्शन असते तर सभागृह भरलेच असते. इतिहासासाठी कोणी येत नाही असा माझा अनुभव आहे, आणि तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. तेवढी वर्षे मी माध्यमिक शाळेत हाच विषय शिकवला. आधी मराठी माध्यमात, नंतर काही वर्षे उर्दू माध्यमाच्या मुलींना. मराठी शाळेत मी ‘बाई’ होते, उर्दू शाळेत ‘आपा’ झाले. प्रश्नपत्रिका मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

त्या प्रश्नपत्रिकेपासूनच सुरुवात करू. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत सामाजिक शास्त्रांना १०० गुण आहेत. ४० गुणांचा पेपर इतिहास व राज्यशास्त्राचा, ४० गुणांचा भूगोलाचा आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. आपल्या ४० गुणांच्या पेपरात इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२. म्हणजे संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने, या पाच प्रकरणांची किंमत बारा गुण. योग्य पर्याय निवडा, विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा, एक संकल्पनाचित्र, एक टीप, एक उत्तर. परीक्षेच्या आदल्या रात्री मूल गाइड उघडते, अपेक्षित प्रश्नसंच पाहते आणि सकाळी बाराचे दहा घेऊन येते. पालक खूश, शाळा खूश, निकाल शंभर टक्के.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. गुण लागतात. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलांसाठी दहावीचा निकाल म्हणजे घराबाहेर पडण्याची पहिली किल्ली असते. पण मुस्लिम समाज म्हणून या पुस्तकाशी आपले नाते फार विचित्र आहे. पुस्तकातून काय गेले याबद्दल आपण वर्षानुवर्षे बोलतो. पुस्तकात काय आहे ते उघडून पाहत नाही. आज मला एवढेच मांडायचे आहे.

गेलेली पाने

आधी गेलेल्या पानांबद्दल बोलते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई सोयीचे तेवढेच बोलतात.

२०१७ मध्ये आपल्या राज्यात सातवीचे इतिहासाचे पुस्तक बदलले. शिवकाल आणि मराठेशाही यांवर भर आला, आणि मुघलांचा सविस्तर भाग आटला. त्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत बराच वाद झाला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारावरचे प्रकरण काढले गेले. तेव्हाही वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. साम्राज्य कोणाचेही असो, ते पानांतून पुसले तर मधली दोन-तीनशे वर्षे समजत नाहीत. मुघल कोण होते हे ज्याला माहीत नाही, त्याला महाराज कोणाशी लढले आणि ती लढाई किती मोठी होती, हेही नीट कळणार नाही.

पण त्याच फेरबदलात आणखी काही गेले. एनसीईआरटीच्या दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून लोकशाही आणि विविधता, लोकांचे लढे आणि चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हाने ही प्रकरणेच काढून टाकली गेली. मुघल गेले म्हणून आमच्या गल्लीत दोन महिने चर्चा चालली. चळवळींचे प्रकरण गेले म्हणून एकही पालक मला येऊन भेटला नाही. आता मला सांगा, आपल्या मुलाला पुढच्या पन्नास वर्षांत यांपैकी कशाची गरज जास्त पडणार आहे? अकबराच्या मनसबदारीची, की नागरिकांनी एकत्र येऊन सरकारकडे मागणी कशी करायची याची?

शिवाय महाराष्ट्र मंडळाच्या सध्याच्या दहावीच्या पुस्तकात चळवळींचे प्रकरण आहे, लोकशाहीसमोरील आव्हानांचेही आहे. ते आपल्या मुलांच्या दप्तरात रोज शाळेत जाते आणि रोज घरी येते. आपण त्यातले किती वाचतो?

अफझलखानाचा धडा

आता थोडे अवघड बोलते. इथे बसलेल्या अनेकांनी हा तास अनुभवला असेल. वर्गात प्रतापगडाचा धडा सुरू होतो, अफझलखानाचे नाव येते आणि पंचवीस-तीस माना मागच्या बाकावरच्या एका मुलाकडे वळतात. कोणी हसते. कोणी मधल्या सुट्टीत त्याला ‘खान’ म्हणून हाक मारते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्या क्षणी कळते की या गोष्टीत आपल्याला एक जागा ठरवून दिलेली आहे.

ते मूल घरी येऊन सांगते, तेव्हा घरात सहसा दोन उत्तरे मिळतात. एक अब्बांचे : “दुर्लक्ष कर, अभ्यासावर लक्ष दे.” दुसरे मामूंचे : “त्यांना सांग, महाराजांच्या सैन्यातही मुसलमान होते.” दोन्ही उत्तरे प्रेमाने दिलेली असतात. पण पहिले त्या मुलाला गप्प करते आणि दुसरे त्याला वकील करते.

मामूंचे म्हणणे खोटे नाही. दौलतखान महाराजांच्या आरमारात होता, काझी हैदर मुन्शी होता. उलट बाजूला अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, आणि पुरंदरचा तह करायला लावणारा मुघलांचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता. शिक्षकाने ही नावे वर्गात सांगायलाच हवीत. ती सांगितली की मुलांना आपोआप दिसते, की सतराव्या शतकातली राज्ये, जहागिऱ्या आणि निष्ठा आजच्या मतपेट्यांसारख्या धर्माच्या रेषेवर उभ्या नव्हत्या. पण ही नावे सांगण्याचे काम शिक्षकाचे आहे. दौलतखानाचा दाखला दाखवून सुटका करून घ्यायची वेळ त्या मुलावर का यावी? १६५९ साली विजापूरच्या सरदाराने काय केले याचा जबाब सोलापूरच्या किंवा मालेगावच्या मुलाने का द्यावा? आणि तसाच, औरंगजेबाचा बचाव करण्याची जबाबदारीही आपल्या मुलांनी अंगावर का घ्यावी? तो बादशहा होता. त्याच्या राज्यकारभाराचा हिशेब कागदपत्रांवरून मांडा, जसा कोणत्याही राजाचा मांडतात. आपल्या मुलांचा त्याच्याशी रक्ताचाही संबंध नाही आणि मताचाही नाही.

हे मुलाला समजावण्यासाठी एक साधन लागते, आणि ते साधन पाठ्यपुस्तकात आहे. नववीच्या इतिहासाचे पहिले प्रकरण आहे ‘इतिहासाची साधने’. दहावीचे पहिले प्रकरण इतिहासलेखनाच्या पाश्चात्य परंपरेवर, दुसरे भारतीय परंपरेवर. या दुसऱ्या प्रकरणात बाणभट्ट आहे, बखरी आहेत, राजवाडे आहेत. आणि त्यांच्याच रांगेत झियाउद्दीन बरनी, बाबर आणि अबुल फजलही आहेत. ज्यांची पाने सातवीत कमी झाली, ते दहावीत इतिहास लिहिणारे म्हणून भेटतात. पण मुलांना हे प्रकरण रुक्ष वाटते. व्होल्टेअर, रांके, फुको अशी नावे जोड्या लावण्यासाठी पाठ करायची आणि विसरून जायची, एवढाच त्याचा उपयोग होतो.

खरे तर त्या प्रकरणात चार प्रश्न शिकायचे आहेत. हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले, घटनेच्या वेळी की शंभर वर्षांनी? कोणासाठी सांगितले? दुसऱ्या कोणत्या कागदाशी ते जुळते का? हे चार प्रश्न ज्या मुलाच्या जिभेवर आहेत, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोणताही इतिहास सहज गिळता येणार नाही. दुसऱ्यांच्या ग्रुपवरचाही नाही आणि आपल्या ग्रुपवरचाही नाही.

फातिमाबींचे उदाहरण

‘आपल्या ग्रुपवरचाही’ असे मी मुद्दाम म्हणाले. कारण आपल्या बाजूचा इतिहास तपासायची वेळ आली की आपलाही हात अडखळतो.

जानेवारी २०२५ मधली गोष्ट तुम्हाला आठवत असेल. एका पत्रकार-लेखकाने समाजमाध्यमावर जाहीर केले, की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. एकच गदारोळ झाला. आपल्याकडच्या लोकांना दुःख झाले, रागही आला. सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवणारी फातिमा ही आपल्या मुलींना दाखवायची आपली सगळ्यात लाडकी तसबीर. तीच कोणी पुसतो आहे, असे वाटले. एका बाजूला ‘खोटे पकडले’ म्हणून जल्लोष, दुसऱ्या बाजूला ‘हा मुसलमानांचा अपमान’ म्हणून निषेध.

त्या आठवड्यात मी दहावीच्या काही मुलींना घरी बोलावले आणि तेच चार प्रश्न विचारायला सांगितले. त्यांनी शोधले. सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र आहे. त्या आजारी असल्याने माहेरी आहेत, आणि आपल्या मागे फातिमावर कामाचा ताण पडला असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्यात आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ही पत्रे आहेत, आणि ते पुस्तक समाजमाध्यमे जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. म्हणजे कोणी अलीकडे फातिमा रचली, हा दावा टिकत नाही.

पण मुलींचे काम तिथे संपले नाही. मी विचारले, या पत्रावरून आपल्याला काय काय सांगता येते? एकीने लिहिले : फातिमा नावाची सहकारी होती, तिच्यावर कामाची जबाबदारी होती, सावित्रीबाईंचा तिच्यावर विश्वास होता. मी विचारले, जन्मतारीख? ९ जानेवारी ही तारीख सगळीकडे फिरते, २०२२ मध्ये गूगलने त्या दिवशी डूडलही केले. मुलींनी पत्र पुन्हा वाचले. तारीख त्यात नाही. आडनाव नाही, भाऊ उस्मान शेख यांचा उल्लेखही नाही. या गोष्टींसाठी वेगळी साधने शोधावी लागतील, आणि ती मिळेपर्यंत ‘असे सांगतात’ एवढेच लिहावे लागेल.

एक मुलगी जरा हिरमुसली. म्हणाली, “आपा, मग आपल्याकडे एवढीच राहिली?” मी म्हटले, “बेटा, जी राहिली ती आता तुझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.” इतिहासाच्या तासाने आपल्या मुलींना एवढे दिले तरी मला पुरे आहे.

सहावी ते दहावी : नागरिक होण्याचा जिना

आता दुसऱ्या अर्ध्याकडे येते. सहावी ते आठवी पुस्तकाचे नाव ‘इतिहास व नागरिकशास्त्र’, नववी-दहावीत ‘इतिहास व राज्यशास्त्र’. या भागाची रचना कोणी नीट पाहिली तर ती जिन्यासारखी आहे. सहावीत समाजजीवन आणि स्थानिक शासन : ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका. सातवीत संविधानाची ओळख, उद्देशिका, मूलभूत हक्क आणि कर्तव्ये. आठवीत संसद, न्यायव्यवस्था, राज्यशासन, नोकरशाही. नववीत परराष्ट्र धोरण, सुरक्षा, संयुक्त राष्ट्रे. दहावीत निवडणुका, पक्ष, चळवळी, आव्हाने. पाच वर्षांत मूल आपल्या वॉर्डापासून संयुक्त राष्ट्रांपर्यंत जाते आणि मतदानाच्या दोन-तीन वर्षे आधी परत निवडणुकीपाशी येते. रचना चांगली आहे. अडचण ही की हा जिना आपण पाठ करून चढतो, पायाखालची पायरी पाहत नाही.

एक उदाहरण देते. २०२१-२२ मध्ये मुंबईत किंवा पुण्यात सहावीत असलेले मूल घ्या. त्याने वर्षभरात पाठ केले : महानगरपालिकेची मुदत पाच वर्षे, नगरसेवक जनतेतून निवडून येतात, महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. आणि नेमक्या त्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, दोन्ही महापालिकांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. ते मूल सातवीत गेले, आठवीत गेले, नववीत गेले. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये, तेव्हा ते दहावीच्या पूर्वपरीक्षेला बसत होते. स्थानिक शासनाचा धडा शिकल्यापासून जवळजवळ सगळे माध्यमिक शिक्षण होईपर्यंत त्याच्या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता.

किती शाळांत हा प्रश्न विचारला गेला असेल, की बाई, पुस्तकात पाच वर्षे लिहिले आहे, मग हे काय? संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगितले आहे, मग ती का झाली नाही? त्या एका प्रश्नातून आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, राज्य निवडणूक आयोग आणि मे २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश हे सगळे शिकवता आले असते. गटार तुंबले तर कोणाकडे जायचे, हा प्रश्न आपल्या वस्त्यांत त्या चार वर्षांत रोज होता. आणि त्याचे उत्तर देणारा धडा मुलांच्या दप्तरात होता.

एकाच प्रकरणात संसद, न्यायालय आणि चळवळ

शिक्षक मित्र मला विचारतात, बारा गुणांसाठी एवढा वेळ कुठून आणायचा? मी एक युक्ती सांगते. एक विषय घ्या आणि तीन प्रकरणे त्यात शिकवा. मुलांच्या घराच्या जवळचा विषय घ्या. मी आपल्या समाजातल्या तलाकच्या प्रश्नाचे उदाहरण घेत असे.

फळ्यावर तारखा लिहायच्या. १८ एप्रिल १९६६ : हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेतात. २२ मार्च १९७० : पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना. १९८५ : शाहबानो यांच्या पोटगीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. १९८६ : संसदेने केलेला कायदा. २००१ : डॅनियल लतीफी खटल्यात त्याच कायद्याचा न्यायालयाने लावलेला अर्थ. २०१७ : शायराबानो खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तिहेरी तलाक रद्द. २०१९ : संसदेचा नवा कायदा, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद.

आता मुलांना विचारायचे. यात चळवळ कुठे आहे? न्यायालय कुठे आहे, संसद कुठे आहे? न्यायालयाने एक म्हटले आणि संसदेने दुसरा कायदा केला, तर पुढे काय होते? सात बायकांच्या मोर्चापासून निकालापर्यंत एक्कावन्न वर्षे का लागली? नवऱ्याला तुरुंगात टाकल्याने बायकोला पोटगी मिळते का? या शेवटच्या प्रश्नावर वर्गात दोन गट पडतात. पडू द्यावेत. माझे स्वतःचे मत आहे, पण ते मी तास संपेपर्यंत सांगत नसे. मुलींनी स्वतःची बाजू मांडायची, समोरच्याची ऐकायची आणि नंतर त्यावर सकारण उत्तर लिहायचे. प्रश्नपत्रिकेत ‘सकारण स्पष्ट करा’ असतेच. ते कारण कुठून येते, हे त्यांना असे कळते.

अशाच एका तासाला मी संविधान सभेतला वाद घेत असे. ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासचे बी. पोकर साहेब यांनी मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. मे १९४९ मध्ये बेगम ऐजाज रसूल यांनी धर्माच्या आधारावर राखीव जागा ठेवण्याला विरोध केला. संविधान सभेतल्या त्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य. दोघेही मुस्लिम लीगच्या वाटेने सभेत आलेले, आणि मते एकमेकांच्या उलट. मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटते. त्यांना वाटत असते, मुसलमानांचे एकच मत असते आणि ते कोणीतरी मोठा माणूस सांगतो. आपल्यातच मतभेद होते, ते सभागृहात उघड मांडले गेले, आणि त्यातून हा देश घडला, हे त्यांनी सोळाव्या वर्षी ऐकले तर पुढे कोणताही नेता, आतला किंवा बाहेरचा, त्यांच्या वतीने परस्पर बोलून मोकळा होणार नाही.

उद्यापासून काय करायचे

भाषणे खूप होतात. म्हणून शेवटी कामाचे चार मुद्दे सांगते आणि थांबते.

पालकांसाठी पहिले. आज घरी गेल्यावर मुलाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाची सुरुवातीची पाने उघडा. संविधानाची उद्देशिका तिथे छापलेली आहे. ती मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्यातला एक शब्द, ‘दर्जाची व संधीची समानता’ घ्या किंवा ‘बंधुता’ घ्या, आपल्या घरात कुठे दिसतो ते विचारा. मुलगी उत्तर देईल तेव्हा मध्ये बोलू नका. अम्मींनीही बसायचे, फक्त चहा आणायचा नाही.

दुसरे, मतदार यादी. दहावीच्या निवडणूक प्रक्रियेच्या धड्याबरोबर आपल्या यादी भागाची प्रत काढा आणि मुलांना घरातल्या प्रत्येकाचे नाव शोधायला सांगा. आपल्या नावांचे मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग हा केवढा घोळ असतो, तुम्हाला माहीत आहे. शेख कुठे ‘शैख’ होतो, बेगम कुठे गळून जाते. माझ्या एका विद्यार्थ्याने गृहपाठ म्हणून यादी वाचली आणि दादीच्या नावाच्या जागी भलतेच नाव सापडले. दुरुस्तीसाठी नमुना ८ असतो, नव्या नावासाठी नमुना ६. त्यानेच तो अर्ज भरला. वर्षात आता चार अर्हता दिनांक आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तुमच्या शाळेतलेच एखादे शिक्षक बीएलओ असतील, त्यांना वर्गात बोलवा. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले ते ६१ व्या दुरुस्तीने, १९८९ मध्ये. हे एका गुणाचे उत्तर आहे. पण आपले नाव यादीत असणे हा तुमचा स्वतःचा हक्क आहे.

तिसरे, शाळा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महापालिकेच्या उर्दू शाळांना हे लागू आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळांचे नियम वेगळे आहेत, तिथे संस्थेकडे विचारणा करा. आपल्या शाळेची समिती आहे का, तिची बैठक कधी झाली, हे विचारायला दहावीच्या मुलांना घेऊन जा. उत्तर मिळाले नाही तर पालकाच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज मुलाकडून लिहून घ्या. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आठवीचा नोकरशाहीचा धडा यापेक्षा चांगला कोणी शिकवू शकणार नाही.

चौथे, पुस्तकाबद्दलची तक्रार. पाठ्यपुस्तकात काही चुकीचे किंवा अपमानकारक वाटले तर समाजमाध्यमावर फोटो टाकून थांबू नका. पान क्रमांक, वाक्य, त्यातली चूक आणि आपल्या म्हणण्याचा आधार असे एका पानात लिहा आणि बालभारतीला पाठवा. आधार नसेल तर आधी शोधा. भावना दुखावल्याचे पत्र फाइलला लागते. पुरावा जोडलेल्या पत्राला उत्तर देणे भाग पडते, आणि पहिल्यांदा नाही दिले तर दुसऱ्यांदा विचारता येते.

मुलांनो, तुम्हाला वेगळे सांगायचे नाही. मार्चमध्ये तुमची परीक्षा आहे, चाळीसपैकी चाळीस जरूर मिळवा. पण परीक्षा झाली की हे पुस्तक रद्दीत देऊ नका. तुमच्या धाकट्या बहिणीला नवे पुस्तक मिळेलच, हे तुमच्याकडे ठेवा. अठरा वर्षांचे झालात की राज्यशास्त्राची पाच प्रकरणे पुन्हा वाचा. तेव्हा ती परीक्षेसाठी नसतील, आणि मला वाटते जास्त सोपी वाटतील.

संयोजकांनी मला अर्धा तास दिला होता, तो संपला. आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न मात्र मुलींकडून येऊ द्या.